देवाची जमीन आणि गावचे पाणी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज ग्रामदैवताच्या शिखरावर कळस चढला. ज्यांनी रोख वर्गणी दिली, ज्यांनी धान्य दिले, ज्यांनी दगड वाहिले, आणि ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते म्हणून ज्यांनी पंधरा-पंधरा दिवस अंगमेहनत केली, त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत आली आहेत. सभामंडप झाला, फरशी झाली, दीपमाळेची डागडुजी झाली. एकच काम राहिले. देवळाच्या मागची बारव.

ज्या बारवेतून देवाच्या स्नानाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आले, तिच्यात आज काय आहे हे सर्वांनाच माहीत आहे. नळ योजना गावात आली आणि बारवेकडे जाणारी वाट मोडली. प्रथम निर्माल्य पडू लागले. मग जुन्या तसबिरी, फुटलेल्या मूर्ती, नवरात्रातले घट, आणि अलीकडे प्लास्टिकच्या पिशव्या. हे सर्व टाकणारी माणसे भाविकच आहेत. पायदळी येऊ नये म्हणून पवित्र वस्तू पाण्यात सोडावी, हा हेतू वाईट नाही. पण पाण्याचे काय झाले, हे कोणी वाकून पाहिले नाही.

एका सधन देणगीदाराने देवळाच्या आवारात स्वखर्चाने बोअर मारून देण्याची तयारी दाखविली आहे. यात्रेकरूंची सोय व्हावी एवढीच त्यांची इच्छा आहे आणि त्यांच्या भावनेविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नाही. परंतु ती बोअर घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न एका देवळापुरता नाही. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर देवळापासून जेमतेम हजार फुटांवर आहे. म्हणून या विषयावर चार शब्द होणे आवश्यक आहे.

प्रथम आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. महाराष्ट्राच्या भूभागापैकी शेकडा ८० पेक्षा अधिक भाग काळ्या पाषाणाचा म्हणजे बेसाल्टचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर बसले आणि त्यांचा हा खडक झाला. उत्तरेकडे गंगा-यमुनेच्या खोऱ्यात जमिनीखाली शेकडो फूट गाळ व वाळू आहे, तेथे पाणी सगळीकडे भरून राहते. आपल्याकडे तसे नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कोठे भेगाळलेला खडक, कोठे मांजऱ्या, आणि मग अखंड काळा फत्तर. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. फत्तरात पाणी शिरतच नाही. जमिनीखाली नदी वाहते, जिवंत झरा कधी आटत नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आपल्या खडकाच्या पोटात एखाद्या कणगीएवढीच जागा आहे. ती पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यापर्यंत रिकामी होते. कणगी मोठी आहे असे समजून कोणी हात सैल सोडला, तर दोष कणगीचा नव्हे.

पडलेल्या पावसापैकी किती पाणी या कणगीत जाते? भूजलाचा हिशेब करणारे लोक आपल्या खडकात १०० भागांपैकी साधारण ७ ते १३ भाग धरतात. बाकीचे ओढ्याने वाहून जाते, उन्हाने उडून जाते, पिके व झाडे घेतात. म्हणजे ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते, आणि खाली मुरते ते दोन लाख लिटरच्या आसपास. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण आता उसाचा हिशेब करा. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा २,००० धरला तर एकरी ८० लाख लिटर होते. त्यातले २० लाख पावसाचे वजा करा. उरलेले ६० लाख लिटर विहिरीतून काढावयाचे म्हणजे तीस एकरांत मुरलेले पाणी एका एकरावर ओतावयाचे. दिलेल्या पाण्यातले काही पुन्हा जमिनीत मुरते हे खरे, म्हणून हा हिशेब तंतोतंत नाही. पण त्यावरून कल येतो. ज्वारीचे पीक ४५० ते ६५० मिलिमीटरमध्ये येते.

उसावर राग धरण्याचे कारण नाही. धरणाच्या कालव्याखाली ऊस घेतला तर त्याचा हिशेब निराळा. ज्या शेतकऱ्याला दुसऱ्या कोणत्याच पिकाच्या भावाची खात्री नाही, त्याने उसाकडे वळू नये असे सांगणे सोपे आहे, आणि ते बहुधा ज्यांचा महिन्याचा पगार ठरलेला असतो तेच सांगतात. तथापि पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात विहिरीवरचा ऊस म्हणजे शेजारच्या तीस एकरांची उचल होय, आणि त्या तीस एकरांच्या मालकाला कोणी विचारलेले नसते.

पूर्वीच्या काळी माणसे फार शहाणी होती व आताची बिघडली, असेही म्हणण्यात अर्थ नाही. पूर्वी मोट होती. दोन बैल, एक नाडा, एक सोंदूर आणि दिवसभर धावेवर खालीवर करणारा गडी. बैल दमले की विहिरीला आपोआप विश्रांती मिळे. रात्रीत झरे पुन्हा भरत. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची प्रसिद्ध विहीर आहे. एवढी प्रचंड विहीरसुद्धा बैलांच्या दमाबाहेर उपसता येत नव्हती. पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटार आली. मोटार दमत नाही. आणि विजेचा आकार युनिटवर न राहता अश्वशक्तीवर आला, तेव्हा मोटार बंद करण्याचे कारणही उरले नाही.

बोअरची कथाही अशीच आहे. सन १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास खडक फोडून खोल जाणारी यंत्रे खेडोपाडी आली ती पिण्याच्या पाण्यासाठी. हातपंपांच्या बाबतीत तर आपल्या सोलापूरचे नाव देशभर झाले. तेथे तयार झालेल्या पंपाच्या धर्तीवर पुढे इंडिया मार्क दोन हा हातपंप बनला व तो भारताबाहेरही गेला. हातपंपाने माणसाच्या हाताला लागेल एवढेच पाणी निघते. हजारो बायकांच्या डोक्यावरची मैलामैलाची पायपीट त्याने वाचविली. पण त्याच भोकात पाणबुडी मोटार सोडली की गोष्ट बदलते. पूर्वी दीडशे-दोनशे फुटांवर थांबणारी यंत्रे आता पाचशे-सहाशे फुटांवर जातात आणि पुष्कळदा नुसता फुफाटा वर येतो. वर येते ते पाणी थरांच्या सांध्यांत वर्षानुवर्षे साठलेले असते. ते एकदा काढले की दोन पावसाळ्यांत भरून येत नाही. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बोअरला वरच्या भागात नीट केसिंग घातले नाही, तर मुरमातले पाणी त्या भोकातून खाली गळते. म्हणजे बोअरवाल्याला पाणी लागो न लागो, शेजाऱ्याची विहीर मात्र बसते.

गावातील वृद्ध मंडळी एक गोष्ट नेहमी सांगतात. बहात्तर साली खायला धान्य नव्हते, लोक मिलो आणि सुकडीवर जगले, खडी फोडायला गेले. पण प्यायला विहिरीत पाणी होते. आता दुकानात धान्य आहे आणि विहिरीत पाणी नाही. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या व त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. लातूर हा काही वाळवंटातला मुलूख नव्हे. पावसाने ओढ दिली हे खरेच. पण पाऊस १९७२ सालीही नव्हता.

येथे वाळूचाही उल्लेख केला पाहिजे, जरी आजच्या मंगल प्रसंगी तो थोडा अप्रिय वाटला तरी. ओढ्या-नदीच्या पात्रातली वाळू पूर ओसरल्यावर पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पोचविते. ती वाळू ब्रासाच्या हिशेबाने निघून गेली की पाणी खडकावरून सरळ पुढे जाते. आपल्या नव्या सभामंडपाच्या काँक्रीटमध्येही कोणत्या तरी नदीची वाळू आहे. घर बांधणारा प्रत्येकजण या गोष्टीत थोडा थोडा भागीदार आहे.

आता जे चांगले घडले त्याकडे वळू. त्याचा संबंध देवळांशी आहे म्हणून ते येथे अधिक विस्ताराने सांगावयाचे आहे.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका सर्वांना जेजुरीमुळे ठाऊक आहे. त्याचा पूर्वभाग अवर्षणग्रस्त. सन १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार श्री. विलासराव साळुंखे त्या भागात गेले. हजारो शेतकरी दुष्काळी कामावर दगड फोडत होते. या मेहनतीतून पाणी अडविण्याचे काम का होऊ नये, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी सन १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली आणि नायगाव येथे ४० एकर माळरान कराराने घेतले. ही जमीन होती देवस्थानच्या ट्रस्टची. उताराची, खडकाळ, गवतसुद्धा नीट न येणारी. देवाला तिचे उत्पन्न जवळजवळ नव्हतेच.

साळुंखे स्वतः कुटुंबासह तेथे राहावयास गेले. उतारावर समपातळीत ताली घातल्या. पायथ्याला पाझर तलाव बांधला. तलावाच्या खाली विहीर घेतली आणि विहिरीचे पाणी पुन्हा वर उचलून त्याच उतारावरच्या शेतांना दिले. जे रान पिकविण्याच्या लायकीचे नव्हते, त्याच्यावर झाडे व गवत ठेवले. थोड्याच वर्षांत त्या माळावर ज्वारी, गहू, भाजीपाला होऊ लागला. आसपासचे शेतकरी पाहावयास येऊ लागले व म्हणू लागले, आमच्याही गावात हे करा.

आणि येथेच या माणसाचे खरे वैशिष्ट्य दिसते. बांध घालणारे पुष्कळ झाले. पाणी आल्यानंतर ते कोणाचे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. योजना एकट्यादुकट्याची नव्हे, गटाची असावी. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यावे; माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. शंभर एकरांच्या मालकालाही तेवढेच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. ऊस वगैरे बारमाही पिके घ्यावयाची नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरावयाचा. पाणी सोडण्यासाठी सर्वांनी मिळून पाटकरी नेमावयाचा, आणि त्याचा शब्द सर्वांनी मानावयाचा.

हे नियम ऐकायला सोपे, पाळायला फार अवघड. माणशी पाणी द्यावयाचे म्हटले की ज्याच्या घरात जमीन अधिक व माणसे थोडी, त्याला ते पटत नाही. योजनेपुढे अडचणी आल्या, काही ठिकाणी गट मोडले, काही ठिकाणी पुढच्या पिढीने नियम सैल केले. महाराष्ट्रात सर्वत्र हा विचार पसरला असे म्हणता येणार नाही. साळुंखे सन २००२ मध्ये निवर्तले. पण पाणी हे मालकीचे नसून वाट्याचे आहे, ही गोष्ट देवस्थानच्या एका पडीक माळावरून जगापुढे गेली, आणि आज परदेशातले अभ्यासकही तिचा उल्लेख करतात.

नगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची हकिगत बहुतेकांनी ऐकली आहे. श्री. अण्णा हजारे सन १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले. गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा त्या भट्ट्यांत जळाले, असे त्या गावचे लोकच सांगत. हजाऱ्यांनी प्रथम ते देऊळ स्वतःच्या पैशाने दुरुस्त केले. पाण्याचे काम नंतर. लोक देवळात बसू लागले, बोलू लागले, तरुण मंडळ झाले, आणि मग गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती, नाला बांध, चर, झाडे अशी कामे निघाली. साळुंख्यांचे काम त्यांनी पाहिले होते. पुढे राळेगण पाहून नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने धडा घेतला. तेथे सन १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे ते गाव. त्यांनी कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदान केले. हे इतरांनीही केले होते. पण शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस-केळी लावावयाची नाही, हा ठराव त्यांनी ग्रामसभेत करून तो पाळला. पावसाळा संपला की गावातले पर्जन्यमापक व विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्यायला किती, जनावरांना किती, उरले तर रब्बीला किती. पाऊस कमी झाला त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी करतात. घरखर्चाची वही प्रत्येक घरात असते. पाण्याची वही फार थोड्या गावांत आहे.

तेव्हा देऊळ आणि पाणी यांचा संबंध जुना आहे. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री देवळे बांधली त्याबरोबर घाट, बारवा व विहिरीही बांधल्या. सह्याद्रीच्या पट्ट्यात देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या रानातली वाळकी काडीही देवाचा कौल घेतल्याशिवाय उचलावयाची नाही, असा दंडक होता, आणि अशा कित्येक रायांतून ओढ्याचा उगम होतो. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सन १९७० नंतर या रायांचा अभ्यास करून दाखविले की जी झाडे आसपास नाहीशी झाली ती तेथे टिकून आहेत. आपल्या गावालाही टेकडीवर अशी राई होती असे म्हणतात. आज तेथे चार कडुलिंब आणि एक शेंदूर लावलेला दगड आहे.

आता मूळ मुद्दा. आवारातली बोअर.

कायद्याची बाजू अशी की, सन १९९३ च्या अधिनियमाने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली, आणि विहीर या शब्दात बोअरही येते. त्यानंतरचा सन २००९ चा व्यापक अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यातही सार्वजनिक उद्भवाला संरक्षण आहे, आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल जाण्याला बंधन आहे. हे कायदे किती ठिकाणी पाळले जातात हा प्रश्न विचारू नये. उत्तर प्रत्येकाच्या शिवारात उभे आहे. परंतु देवळाने तरी ते मोडू नयेत. देवाच्या नावाने बोअर झाली की दुसऱ्याला अडविण्याचे तोंड ग्रामपंचायतीला उरणार नाही. पहिल्या बोअरवर देवाचे नाव असेल, पुढच्या दहांवर असणार नाही.

यात्रेकरूंच्या पाण्याची सोय दुसऱ्या मार्गाने होण्यासारखी आहे. नव्या सभामंडपाचे छत ४० फूट लांब व ३० फूट रुंद आहे, म्हणजे १,२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाचे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी होते. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर या एकट्या छतावर ५५ हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे पाच टँकर. आज ते पन्हळीवरून आवारात आणि आवारातून रस्त्यावर जाते. पन्हळींना नळ जोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून ते बारवेत सोडले, तर बारव आणि तिच्या आसपासचा मुरूम दोन्ही भरतील. मात्र त्याआधी बारवेचा गाळ काढला पाहिजे. बोअर, मोटार, केबल यांवर जो खर्च व्हावयाचा आहे तेवढ्यात गाळ उपसणे, ढासळलेल्या पायऱ्या बसविणे आणि पन्हळी हे सर्व होण्यासारखे आहे. देणगीदाराचे नाव बारवेच्या पायरीवर कोरता येईल. बोअरच्या झाकणावर कोरलेले नाव कोणी वाचत नाही.

बोअर नको म्हटले तर दाते नाराज होतील, अशी भीती समितीतल्या काही सभासदांनी खाजगीत बोलून दाखविली. ती अनाठायी नाही. यासाठी त्यांच्याशी एक-दोन वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन बोलावे, सभेत बोलू नये. आणि त्यांनी मान्य केले नाही तर विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, ट्रस्टने परस्पर निर्णय करू नये.

गाळ काढण्याचे काम वैशाखात, अक्षय्य तृतीयेनंतर घ्यावे. त्या वेळी बारवेत पाणी सर्वांत कमी असते आणि शेतातली कामेही थोडी असतात. निर्माल्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात एक पक्का हौद करावा व त्याचे खत देवाच्या बागेला घालावे. तसबिरी आणि मूर्तींचे काय करावे याविषयी पुजाऱ्यांचा सल्ला घ्यावा. त्यांनी सांगितलेले लोक ऐकतील. बारवेच्या आतल्या भिंतीवर वरपासून तळापर्यंत दर फुटाला तैलरंगाची खूण करावी. दर महिन्याच्या पौर्णिमेला पाणी कोणत्या खुणेवर आहे ते शाळेतल्या मुलांनी पाहावे व वहीत लिहावे. वही देवळातच, वर्गणीच्या पावतीपुस्तकाशेजारी ठेवावी. पहिली नोंद येत्या मृग नक्षत्राच्या आदल्या दिवशी, पाऊस पडण्यापूर्वी, व्हावी.